महाडचा ठराव आणि आपली महानगरपालिका

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. आम्ही गिरणी कामगार. शाळा फार झाली नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि चळवळीत फिरून जे ऐकलं, तेवढीच आमची पुंजी. म्हणून भाषा साधी राहील, सांभाळून घ्या.

आज आम्हाला महाडविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, महाड तर आमच्या लेकराबाळांनाही पाठ आहे. दर वर्षी २० मार्चला आपण त्याची आठवण करतो. खरं आहे. पण महाडची एक बाजू आपण फारशी सांगत नाही. चवदार तळ्याचा लढा हा एका नगरपालिकेच्या ठरावाचाही लढा होता. तेवढीच बाजू आज आम्ही घेणार आहोत.

क्रम नीट लक्षात घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं आपलं झालं. पण पाणी? पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चालत गेली, ओंजळीनं पाणी प्याली, तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२७ ला, महाडच्या नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी! एका बैठकीत दिलं, दुसऱ्या बैठकीत काढून घेतलं. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी बाबासाहेबांच्या बाजूची माणसं होती. तरीसुद्धा ठराव फिरला. मग डिसेंबर १९२७ चा सत्याग्रह, मनाई हुकूम, खालची कोर्टं, वरची कोर्टं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. एक ठराव फिरवला गेला आणि तो सरळ करायला जवळजवळ दहा वर्षं लागली.

बंधू-भगिनींनो, यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, ठराव झाला म्हणजे काम झालं असं नव्हे. माणसं एकजुटीनं पुढं गेली तरच ठरावाचं पाणी होतं. दुसरी, खुर्चीवर चांगला माणूस बसला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. बैठकीत दिलेलं बैठकीत परत जातं. म्हणून बैठक कोणती, कधी, तिथं काय ठरतं, हे वस्तीला ठाऊक पाहिजे.

काही मंडळी विचारतील, विहारात नळ-गटाराच्या गोष्टी कशाला? इथं धम्म सांगा. आमचं नम्र उत्तर असं की, बैठक ही धम्माच्या बाहेरची गोष्ट नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची कथा येते. अजातशत्रूला वज्जींवर चाल करायची होती. त्यानं वस्सकार ब्राह्मणाला भगवंतांकडे पाठवलं. भगवंतांनी आनंदाला विचारलं, वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात का? एकोप्यानं बसतात, एकोप्यानं उठतात का? जोपर्यंत ते असं करतील तोपर्यंत त्यांची वाढच होईल, हानी होणार नाही. राजाच्या फौजेला भारी पडणारी ताकद कोणती, तर नेमानं भरणारी सभा! भिक्खू संघातसुद्धा प्रस्ताव मांडायची रीत होती, त्याला ञत्ति म्हणत. गंभीर विषयावर तीनदा विचारलं जाई. किती भिक्खू हजर पाहिजेत याचा नियम होता. मतभेद झाला तर शलाका वाटून मत घेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी याचीच आठवण देशाला करून दिली होती. तेव्हा विहारात नेमानं सभा भरणं, हिशोब वाचणं, ठराव लिहिणं, हे आपल्या परंपरेतलंच आहे.

आता महाडवरून आपल्या शहरात येऊ.

आपली महानगरपालिका ८ डिसेंबर १९८२ ला स्थापन झाली. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण लोकांनी निवडलेले पहिले नगरसेवक आले १९८८ साली. त्यानंतर ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून लागू झाली. तिनं नगरपालिका आणि महानगरपालिकांना घटनेत जागा दिली, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना राखीव जागा दिल्या, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी असं सांगितलं. तरीही काय झालं? एप्रिल २०२० मध्ये आपल्या पालिकेची मुदत संपली. आधी कोरोना, मग प्रभाग रचना आणि आरक्षणाची कोर्टातली प्रकरणं, असं करत पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे पावणेसहा वर्षं आयुक्त हेच प्रशासक. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांचे, स्थायी समितीचे अधिकारही त्यांचेच. त्या काळात चांगली कामं झाली की वाईट, त्यावर आम्ही बोलत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, पावणेसहा वर्षं शहराच्या सभागृहात वस्तीचा निवडलेला माणूस नव्हता. घटनेत लिहिलेली गोष्टसुद्धा कुणी पाठपुरावा केला नाही तर थांबून राहते, याचं यापेक्षा मोठं उदाहरण कोणतं द्यावं?

आता नगरसेवक आले. पण पद्धत बदलली. पूर्वी एका वॉर्डाचा एक नगरसेवक असे. आता २९ प्रभाग आहेत आणि ११५ नगरसेवक. २८ प्रभागांत चार-चार, एका प्रभागात तीन. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाच्या दारात जायचं? एक म्हणेल त्यांना विचारा, दुसरा म्हणेल तो भाग माझ्याकडं नाही. चौघांचं काम ते कुणाचंच काम नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. त्यावर उपाय एकच. वस्तीनं एकेकट्यानं चार दारं हिंडायची नाहीत. चौघांना एकाच पत्रानं एकाच दिवशी वस्तीत बोलवायचं, आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिहून घ्यायचं.

आणखी एक. राखीव जागा फिरती असते, सोडत निघते. आज आपल्या प्रभागात अनुसूचित जातीची जागा आहे, पुढच्या वेळी असेलच असं नाही. जागेवर भरवसा ठेवून जी वस्ती बसते, तिची जागा गेली की आवाजही जातो. जी वस्ती स्वतःच्या बैठकीवर उभी राहते, तिला कोणताही नगरसेवक टाळू शकत नाही. हीच आमची आजची मुख्य गोष्ट आहे.

पाण्याचंच घ्या. पैठणचं जायकवाडी धरण आपल्यापासून जेमतेम ४५ किलोमीटर. धरण भरलं तरी आपल्या नळाला कित्येक वर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांआड पाणी. २०११ साली महानगरपालिकेनं पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे देण्याचा करार केला, ती समांतर जलवाहिनी योजना. १ सप्टेंबर २०१४ पासून शहराचं पाणी कंपनीच्या हाती गेलं. हा काही छोटा निर्णय नव्हता. वीस वर्षांचा करार होता. शहरातल्या जागरूक नागरिकांनी तो करार मागवला, कलम-कलम वाचलं, दरवाढीचा हिशोब मांडला, सभा घेतल्या, कोर्टात गेले. शेवटी २०१६ साली सर्वसाधारण सभेनं करार रद्द करण्याचा ठराव केला आणि पाणीपुरवठा पुन्हा महानगरपालिकेकडे आला. बघा, महाडला ठराव फिरला तो आपल्या विरुद्ध. इथं फिरला तो नागरिकांच्या बाजूनं. फरक कशानं पडला? लोकांनी कागद वाचला होता!

पुढं १२ डिसेंबर २०२० ला १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. तो आकडा वाढत वाढत २,७०० कोटींच्या वर गेला. हायकोर्टाच्या आपल्या खंडपीठाला त्या कामावर लक्ष ठेवावं लागलं. मधे २०२२ साली अर्ध्या इंची नळाची वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आली. आनंद झाला, का नाही व्हायचा? पण विचार करा. एका निर्णयानं दर निम्मा होतो, तर एका निर्णयानं दुप्पटही होऊ शकतो. कमी झाला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला, वाढला तर कारण विचारता आलं पाहिजे. ते विचारायला योजनेचा खर्च, राज्याचा वाटा, पालिकेचा वाटा हे आकडे आपल्या वहीत असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. फेब्रुवारी २०१८. नारेगाव, मांडकी भागातल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीस-तीस वर्षं शहराचा कचरा त्यांच्या दारात पडत होता. विहिरी नासल्या, माश्या, धूर, दुर्गंधी. हायकोर्टानंही तिथं कचरा टाकू नये असं सांगितलं. मग शहरात रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग लागले. ७ मार्चला मिटमिट्यात गाड्या गेल्या, तिथं दगडफेक झाली, लाठीमार झाला. लोक एवढे का चिडले? आपला कचरा आपल्या गावात, त्यांचा का, हा साधा प्रश्न होता, आणि तो विचारायला त्यांना आधी कुणी बैठकीला बसवलंच नव्हतं. पुढं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा वेगवेगळ्या ठिकाणी प्रक्रिया केंद्रं करायचं ठरलं. ओला-सुका कचरा वेगळा करायची शिस्त शहराला लागली ती त्या झटक्यानंतर. तीस वर्षं आधी विचारलं असतं तर दगड उचलायची वेळ आली नसती. आणि हेही विसरू नका की कचरा पहिल्यांदा हातानं उचलतात ती बहुतेक आपलीच माणसं. तेव्हा या विषयात आपण दोन्हीकडून बोललं पाहिजे, रहिवासी म्हणून आणि कामगार म्हणूनही.

आता तुम्ही विचाराल, कायद्यात आपल्याला दार आहे का? आहे. एक नाही, चार आहेत.

पहिलं दार सर्वसाधारण सभेचं. ही सभा लोकांसाठी खुली असते. तिथं बोलता येत नाही, पण बसून ऐकता येतं. आपला नगरसेवक बोलला की गप्प बसला, हे पाच माणसं गॅलरीत बसली तरी वस्तीला कळतं.

दुसरं दार प्रभाग समितीचं. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समिती असावी असं घटनेतच आहे. आणि महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात असंही आहे की त्या समितीवर त्या भागात समाजकार्य करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. या तीन जागा बहुतेकांना ठाऊकच नसतात. आपल्या महिला मंडळाची, आपल्या विहार समितीची नोंदणी असेल, काम असेल, तर आपण तो हक्क लेखी का मागू नये?

तिसरं दार क्षेत्रसभेचं. गावात ग्रामसभा असते, तशी शहरात काही मतदान केंद्रांच्या सगळ्या मतदारांची सभा. २००९ साली आपल्या राज्यानं ती कायद्यात घातली. अध्यक्ष नगरसेवक. वस्तीला कोणतं काम आधी पाहिजे, कोणत्या योजनेचा लाभ कुणाला मिळावा, हे सुचवायचा हक्क त्या सभेला. पण बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. १९२४ ते १९२७ महाडचा ठराव जसा पडून होता, तशीच ही क्षेत्रसभा पडून आहे. तिला चालतं करायला मात्र पोलीस, मनाई हुकूम यांचा सामना करावा लागणार नाही. नगरसेवकांना लेखी मागणी आणि नेटानं पाठपुरावा, एवढंच लागेल.

चौथं दार माहितीच्या अधिकाराचं, २००५ च्या कायद्याचं. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते १० रुपयेही नाहीत. आपल्या गल्लीच्या रस्त्यावर किती खर्च दाखवला, ठेकेदार कोण, काम किती लांबीचं, हे विचारता येतं. जाऊन फाईल बघता येते. पण एका अर्जात दहा भांडणं घालू नका. एक विषय, नेमका प्रश्न.

आणि पाचवी गोष्ट दाराची नाही, वेळेची. पालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अंदाजपत्रक करतात, १६ जणांची स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते. आपण मोर्चा नेतो कधी? मे महिन्यात, पाणी आटल्यावर. तोवर पैशाची वाटणी होऊन गेलेली असते. मागणी दिवाळीच्या सुमारास लेखी गेली पाहिजे. साच्यावर धागा तुटला तर तो तिथंच, त्याच वेळी सांधावा लागतो. कापड झाल्यावर सांधू म्हटलं तर भोकच राहतं. हे गिरणीतल्या माणसाला सांगायला नको.

हे सगळं हवेतलं आहे असं कुणाला वाटेल. तर ऐका. ब्राझील देशात पोर्तो अलेग्री नावाचं शहर आहे. तिथं १९८९ पासून वस्त्या-वस्त्यांत सभा घेऊन पालिकेच्या पैशाचा काही भाग कशावर खर्च करायचा ते लोक ठरवू लागले. गरीब वस्त्यांनी पहिलं काय मागितलं असेल? पाणी, गटार, रस्ता. आपल्याच राज्यात पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं लेखी मागवायला सुरुवात केली. त्यात अडचणी आहेत, पण पायंडा तर पडला. मग आपल्या शहरानं का मागं राहावं?

आता विहारानं काय करावं, ते सांगून आम्ही थांबतो.

महिन्यातून एक पौर्णिमा ठरवा. वंदना झाली की तासभर वस्तीची सभा. तिथं पक्षाचा झेंडा नको, उमेदवाराचा सत्कार नको. आपल्यात गट आहेत हे कुणापासून लपलेलं नाही. गट विहाराच्या पायरीखाली ठेवून वर या. नळाला पाणी येतं तेव्हा ते गट विचारत नाही, आणि गटार तुंबतं तेव्हाही विचारत नाही.

एक वही ठेवा. तारीख, विषय, कुणाला पत्र दिलं, पोच मिळाली का. ही वही एका माणसाच्या घरात नको, विहारात पाहिजे. गिरणीत पाळी बदलताना आधीच्या पाळीचा माणूस पुढच्याला साच्याची अवस्था सांगून जातो. तसं जुन्या कार्यकर्त्यानं नव्याच्या हाती वही द्यावी. माणूस थकतो, दुसरीकडं राहायला जातो, कधी कुणाच्या मागं लागून निघून जातो. वही राहते.

महिलांना पुढं बसवा. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण नाव बाईचं आणि कारभार दादल्याचा, हेही आपण पाहतो. एका वस्तीतल्या बायांचं उदाहरण सांगतो. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने लिहून ठेवलं, पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आलं, वरच्या गल्लीला किती वेळ, खालच्या गल्लीला किती वेळ. ती तीन पानं घेऊन बाया कार्यालयात गेल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. साहेबांनी पानं पाहिली आणि व्हॉल्व्हची वेळ बदलून दिली. चौथी शिकलेल्या बायांनी हे केलं. आपल्या घरात तर आता पदवीधर मुली आहेत. त्यांनी अंदाजपत्रक वाचायचं नाही तर कुणी वाचायचं?

आणि तरुणांना एक विनंती. जयंतीची वर्गणी तुम्ही एक-एक रुपयाचा हिशोब फळ्यावर लावून देता. छान करता. तोच डोळा पालिकेच्या हिशोबावर ठेवा. तीही आपलीच वर्गणी आहे. घरपट्टी, पाणीपट्टी म्हणून भरलेली.

बंधू-भगिनींनो, महाडला आपल्या पूर्वजांकडं ना शिक्षण होतं, ना नगरपालिकेत आपलं मत होतं. तरी ते चालत गेले. आपल्याकडं आज बाबासाहेबांनी दिलेलं संविधान आहे, मत आहे, अक्षर आहे. उणीव आहे ती नेमानं जमण्याची. येत्या पौर्णिमेला पहिली सभा घ्या. विषय पत्रिकेवर पहिलाच विषय लिहा: क्षेत्रसभा भरवण्यासाठी प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना पत्र. पत्राखाली सह्या शंभर झाल्या तर चांगलं, पण दहा झाल्या तरी पत्र पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.



नमो बुद्धाय! जयभीम!